एका स्लाइडचे दोन रिपोर्ट

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासणीला जातो आणि काही दिवसांनी रिपोर्ट हातात पडतो. कॅन्सरच्या नावापुढे त्यात एक आकडा असतो: ग्रेड १, ग्रेड २ किंवा ग्रेड ३. घरातले लोक बहुतेकदा या आकड्यालाच स्टेज समजतात, आणि 'दुसऱ्या स्टेजचा निघाला' ही बातमी संध्याकाळपर्यंत भावकीत पोचलेलीही असते. प्रत्यक्षात या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. स्टेज सांगते, आजार शरीरात कुठवर पोचला आहे. ग्रेड सांगते, गाठीतल्या पेशी मूळच्या निरोगी पेशींपासून किती बदलल्या आहेत आणि त्यांची वाढ किती आक्रमक आहे. गाठ लहान असली तरी ग्रेड ३ असू शकते. मोठी गाठही ग्रेड १ निघू शकते. केमोथेरपी द्यायची की नाही, हे ठरवताना डॉक्टर इतर बाबींबरोबर हा आकडाही विचारात घेतात.

रक्तातली साखर यंत्रातून छापून येते, तसा हा आकडा येत नाही. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपला डोळा लावतो, स्लाइड सरकवत पेशी पाहतो आणि आकडा ठरवतो. म्हणजे हा एका जाणत्या माणसाचा निर्णय असतो, आणि जाणत्या माणसांचे निर्णय वेगळे पडू शकतात. नेदरलँड्समध्ये ३९ प्रयोगशाळांमधले, तेहतीस हजारांहून अधिक रुग्णांचे स्तनाच्या कॅन्सरचे रिपोर्ट एकत्र करून पाहिले गेले. काही प्रयोगशाळांत ग्रेड १ चं प्रमाण सुमारे १६ टक्के होतं, तर काहींत तब्बल ४३ टक्के. रुग्णांमधल्या फरकानं एवढी तफावत पडत नाही. फरक पाहणाऱ्यांच्या नजरेत होता. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाइड दिल्या होत्या. उघड कॅन्सर ओळखण्यात त्यांचं तज्ज्ञांच्या निदानाशी ९६ टक्के जुळलं. 'एटिपिया' म्हणजे कॅन्सरच्या अलीकडचा संशयास्पद बदल ओळखताना मात्र ते ४८ टक्क्यांवर आलं. निम्म्याहून कमी!

हे पुस्तक या तफावतीविषयी आहे, आणि ती कमी करण्याच्या एका साधनाविषयी. ते साधन म्हणजे डिजिटल मायक्रोस्कोपी: काचेच्या स्लाइडचं संपूर्ण, बारीकसारीक तपशिलांसह चित्र काढायचं आणि ते पडद्यावर मायक्रोस्कोपसारखंच सरकवत, लहानमोठं करत पाहायचं. यंत्र आलं म्हणून प्रश्न सुटला, असा दावा या पुस्तकात कुठेही नाही. त्याचं म्हणणं एवढंच आहे की ग्रेड हा निर्णय अनेकांनी एकच गोष्ट पाहून, आपापलं मत आधी नोंदवून आणि मग मोकळेपणी वाद घालूनच पक्का होतो. काचेच्या एकाच स्लाइडवर शंभर जणांना असा वाद घालता येत नव्हता. आता येतो.

त्याआधी स्लाइडविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण बिघाडाची सुरुवात पुष्कळदा मायक्रोस्कोपच्या फार आधी होते.

उदाहरणादाखल, नेवासा हा तालुका अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या साधारण मधोमध आहे. दोन्हीकडे साठेक किलोमीटर. अशा तालुक्यात काढलेला तुकडा नगरला, संभाजीनगरला, लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा पुण्याला जातो आणि बऱ्याचदा तो नातेवाइकांच्याच पिशवीतून जातो. तुकडा ठेवायचा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, आणि तेही तुकड्याच्या आकाराच्या दहापट तरी हवं. प्रत्यक्षात अरुंद तोंडाच्या बाटलीत गाठ कोंबलेली असते आणि फॉर्मलिन जेमतेम ती बुडेल एवढं. बाहेरचा थर टिकतो, आतला भाग कुजायला लागतो. तुकडा फॉर्मलिनमध्ये पडायला उशीर झाला की विभाजन पावणाऱ्या पेशी ओळखू येईनाशा होतात, त्यांची संख्या कमी भरते आणि ग्रेड खाली येते. पुढे मेणाचा ब्लॉक, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचा छेद, हिमॅटॉक्सिलिनचा निळा आणि इओसिनचा गुलाबी रंग. छेद जाड पडला तर केंद्रकं गडद आणि भयंकर दिसतात. रंग फिका बसला तर निरुपद्रवी. या पायऱ्या तंत्रज्ञाच्या हातात असतात आणि रिपोर्टवर त्याचं नाव कुठेच नसतं. पुस्तकाचा आरंभ या तंत्रज्ञापासून होतो, आणि तेच योग्य आहे. खराब स्लाइडचं उत्तम डिजिटल चित्र हे खराब स्लाइडचंच चित्र असतं.

ग्रेडिंगची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. बर्लिनच्या डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी १८९० मध्ये 'अ‍ॅनाप्लेशिया'ची, म्हणजे पेशींनी आपलं मूळ रूप गमावण्याची कल्पना मांडली. तिला आकड्यांचं रूप दिलं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅल्बर्ट ब्रॉडर्स यांनी. १९२० मध्ये त्यांनी ओठाच्या कॅन्सरच्या ५३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मूळ रूप टिकवून असलेल्या पेशींचं प्रमाण पाहून चार ग्रेड केल्या. तंबाखूच्या आपल्या मुलुखात तोंडाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर आजही 'वेल', 'मॉडरेट' आणि 'पूअर' असे जे शेरे येतात, त्यांचं मूळ ब्रॉडर्स यांच्यापर्यंत जातं.

स्तनाच्या बाबतीत बोस्टनच्या ग्रीनो यांनी १९२५ मध्ये आणि लंडनच्या पेटी व स्कार्फ यांनी १९२८ मध्ये वाट घालून दिली. १९५७ मध्ये ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १,४०९ रुग्णांचा अभ्यास मांडला; त्यातल्या ३५९ जणींची नोंद पंधरा वर्षं ठेवलेली होती. आजार पुढे कसा गेला याच्याशी ग्रेड ताडून पाहण्याची ही शिस्त फार मोलाची होती. तरीही 'केंद्रकं बरीच वेडीवाकडी' म्हणजे नेमकी किती, हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवरच राहिलं. नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ मध्ये ही पद्धत घट्ट बांधली. गाठीत नलिका किती टक्के भागात तयार झाल्या आहेत, केंद्रकं आकारानं किती विषम आहेत आणि ठरावीक क्षेत्रात किती पेशी विभाजन पावत आहेत, अशा तीन गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३. आज जगभर बहुतेक ठिकाणी हीच पद्धत चालते.

प्रोस्टेटची परंपरा वेगळ्याच वळणाची आहे. मिनिआपोलिसच्या डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये केंद्रकांकडे जवळपास काणाडोळा केला. कमी भिंगातून दिसणारी ग्रंथींची रचना तेवढी पाहायची, तिचे पाच नमुने करायचे आणि सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोन नमुन्यांची बेरीज करायची. त्यांनी स्वतः काढलेलं काळंपांढरं रेखाचित्र पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. या पद्धतीतली एक अडचण कळायला बराच काळ गेला. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सातच, पण दुसऱ्या रुग्णाचा आजार जास्त आक्रमक. २०१४ मध्ये शिकागोतल्या बैठकीत तज्ज्ञांनी पाच 'ग्रेड ग्रुप' मान्य केले आणि २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते आले. 'दहापैकी सहा' ऐकून हादरणाऱ्या माणसाला आता 'पाचपैकी एक' असं सांगता येतं. आजार तोच असला तरी उपचारांची भीती पुष्कळ कमी होते.

असे हे संप्रदाय आहेत: रचना पाहणारे, केंद्रक पाहणारे, दोन्हींचे गुण मांडणारे. चौथा पक्ष अलीकडचा आणि जनुकांचा आहे. मेंदूच्या काही गाठींत विशिष्ट जनुकीय बदल सापडला तर मायक्रोस्कोपखाली काहीही दिसो, ग्रेड ४ द्यायची, असं २०२१ च्या वर्गीकरणात ठरलं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये वारं उलट दिशेनं वाहतंय. ब्रॉडर्स यांची ग्रेड आजाराचं भाकीत फारसं करत नाही, हे अनुभवानं कळलं आहे. गाठ किती मिलिमीटर खोल गेली आणि तिच्या पुढच्या काठावरच्या पेशी गटानं सरकतायत की एकेकट्या सुटतायत, याला आता जास्त महत्त्व आहे. आपल्याकडे मात्र 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड' हा शेरा लिहिला की काम झालं, अशी सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती मोडायला हवी.

महाराष्ट्राला या विद्येचा वारसा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतीय पॅथॉलॉजीचे आद्य पुरुष. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या लेखात भारतीय सवयींशी जोडलेल्या तीन कॅन्सरची नोंद आहे: कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराचा, पेटतं टोक तोंडात ठेवून ओढायच्या चुट्ट्याचा आणि ओठाआड धरायच्या खैनीचा. पुढे डॉ. सत्यवती सिरसाट यांनी डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्याबरोबर १९६६ मध्ये तोंड आखडत जाण्याच्या विकारावर, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसवर, पायाभूत लेख लिहिला. आज गुटख्यापायी तोंड न उघडणारी तरुण मुलं गावोगाव दिसतात, तेव्हा त्या लेखाची आठवण होते. आपल्या रोगांची ओळख आपल्याच स्लाइडवरून करायची, ही शिकवण या मंडळींची.

पण ही विद्या मुंबईत साठून राहिली. तालुक्याच्या गावातून ब्लॉक आणि स्लाइड घेऊन 'टाटाला' जाणं हा मराठी कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. प्लास्टिकच्या डबीत रुमालात गुंडाळलेल्या स्लाइड, वर रिपोर्टची झेरॉक्स, परळला उतरल्यावर धर्मशाळेचा शोध. स्लाइड वाटेत तडकली तर पुन्हा गावी. मुंबईत दुसरं मत मिळालं आणि ग्रेड बदलली, तर ती का बदलली हे पहिल्या पॅथॉलॉजिस्टला बहुधा कळतही नाही. आपण कुठं चुकलो, किंवा चुकलो नसून फक्त मतभेद आहे, हे समजण्याची वाटच नसते. वर्षानुवर्षं एकट्यानं रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसाची नजर हळूहळू एका बाजूला झुकते, आणि ती झुकली आहे हे सांगणारं शेजारी कुणी नसतं.

ही कोंडी फोडण्याचा एक प्रयत्न आपल्याच राज्यात फार लवकर झाला, हे अनेकांना ठाऊक नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ मध्ये तिथं ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने यांच्या या रुग्णालयानं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली. १,३१,७४६ स्त्रियांचा तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. याच बार्शीहून मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडून काढलेली चित्रं टाटा मेमोरियलला पाठवायची आणि तिथल्या तज्ज्ञांनी मत द्यायचं, असा टेलिपॅथॉलॉजीचा प्रयोग सुरू झाला. डॉ. संगीता देसाई आणि सहकाऱ्यांनी २००२ आणि २००४ मध्ये त्याचे अनुभव लिहून ठेवले आहेत. तेव्हाचं इंटरनेट आठवावं, म्हणजे या खटपटीची किंमत कळेल.

या प्रकारच्या चित्रांना एक मर्यादा असते. कुठला भाग दाखवायचा हे पाठवणारा ठरवतो. महत्त्वाची जागा त्याच्या नजरेतून निसटली, तर पलीकडच्या तज्ज्ञाला ती दिसणारच नाही. आज मोबाइलनं आयपीसमधून फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मत मागितलं जातं, त्यालाही हीच मर्यादा आहे. अवघड केसबद्दल मित्राला विचारायला ते ठीक. ग्रेड ठरवायला नाही. ग्रेड सबंध गाठ पाहूनच ठरते.

संपूर्ण स्लाइड स्कॅन करणारी यंत्रं आल्यावर ही अडचण दूर झाली. नेहमीच्या चाळीसपट स्कॅनमध्ये चित्राचा एक ठिपका म्हणजे एक चतुर्थांश मायक्रॉन. पंधरा मिलिमीटर लांबीरुंदीच्या तुकड्याचं चित्र ६० हजार गुणिले ६० हजार, म्हणजे ३६० कोटी ठिपक्यांचं होतं. पाहणारा ते सबंध उतरवून घेत नाही. ज्या भागावर नजर जाईल तेवढाच भाग पडद्यावर येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये प्राथमिक निदानासाठी अशा पहिल्या यंत्रणेला मान्यता दिली. २०२० च्या टाळेबंदीत टाटा मेमोरियलच्या पॅथॉलॉजिस्टनी घरी बसून, पडद्यावर बायोप्सींचं निदान केलं आणि ते काचेवरच्या निदानाशी ताडून पाहून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. बार्शीच्या प्रयोगानंतर दोन दशकांच्या आत गोष्ट इथवर आली.

ग्रेडिंग शिकवण्यासाठी याचा उपयोग कसा होतो, हे एका उदाहरणानं नीट कळेल. नॉटिंगहॅम पद्धतीत विभाजन पावणाऱ्या पेशी मोठ्या भिंगाच्या दहा क्षेत्रांत मोजतात. पण 'क्षेत्र' प्रत्येक मायक्रोस्कोपचं वेगळं असतं. आयपीसवर १८ हा आकडा कोरलेला असेल, तर चाळीसच्या भिंगाखाली क्षेत्राचा व्यास ०.४५ मिलिमीटर, २२ असेल तर ०.५५ मिलिमीटर. दुसऱ्याचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट. म्हणून गुणांचा तक्ताही बदलतो. पहिल्या मायक्रोस्कोपवर तीन गुणांसाठी १२ विभाजनं पुरतात, दुसऱ्यावर १८ लागतात. समजा, दहा क्षेत्रांत १४ विभाजनं सापडली. नलिकांना तीन गुण, केंद्रकांना दोन. मोठ्या क्षेत्राच्या मायक्रोस्कोपवर हे मोजलं असेल तर विभाजनांचे दोन गुण, बेरीज सात, ग्रेड २. पण भिंतीवर लावलेला तक्ता जुन्या मायक्रोस्कोपचा राहून गेला असेल, तर तीन गुण, बेरीज आठ, ग्रेड ३. पेशी त्याच, डोळा तोच, मोजणीही बिनचूक. चुकीचा फक्त तक्ता. नवा मायक्रोस्कोप आल्यावर तक्ता बदलायचा, हे कुणी शिकवलेलंच नसतं.

डिजिटल चित्रात प्रत्येक ठिपक्याचं माप ठाऊक असतं. चार हजार गुणिले चार हजार ठिपक्यांचा चौकोन म्हणजे बरोबर एक चौरस मिलिमीटर. तो चौकोन आखायचा आणि त्यात मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही आता 'क्षेत्रां'ऐवजी चौरस मिलिमीटरची भाषा आली आहे.

माप सुटलं, पण नजरेचा प्रश्न उरतोच. विभाजन पावणारी पेशी आणि मरू घातलेली आकसलेली पेशी, दोन्ही काळ्याभोर दिसतात. पहिलीत केंद्रकाचं आवरण नाहीसं झालेलं असतं आणि गुणसूत्रांच्या पुंजक्याच्या कडा केसाळ असतात. दुसरीचं केंद्रक गुळगुळीत गोळ्यासारखं आणि भोवतालचा पेशीद्रव गडद गुलाबी. वाचायला हे सोपं आहे. स्लाइडवर काही पेशी अशा भेटतात की जाणकारही घुटमळतो. पूर्वी मल्टीहेड मायक्रोस्कोपभोवती पाच-दहा विद्यार्थी बसत, सर बाण फिरवून 'ही बघा' म्हणत आणि सगळे मान डोलावत. कुणाला खरंच दिसलं, ते देवाला ठाऊक. पडद्यावर प्रत्येकानं आपली खूण आधी एकट्यानं करायची असते. नंतर सगळ्यांच्या खुणा एकावर एक ठेवल्या की कुठं एकमत आहे आणि कुठं फाटाफूट, ते लख्ख दिसतं. शिकवणं फाटाफुटीच्या जागी सुरू होतं.

असं शिकवल्यानं नजर खरोखर सुधारते याला पुरावा आहे. अमेरिकेत २००१ मध्ये ४१ सामान्य पॅथॉलॉजिस्टना प्रोस्टेटच्या ३८ बायोप्सी दिल्या, तेव्हा त्यांच्यातला मेळ दर्शवणारा कप्पा हा निर्देशांक ०.४३५ आला, पूर्ण एकमत असतं तर तो १ आला असता. त्याच सुमारास, २००० मध्ये, ग्लीसन ग्रेडिंगचा इंटरनेटवरचा एक छोटा पाठ शेकडो पॅथॉलॉजिस्टनी पुरा केला आणि बहुतेक चित्रांवर त्यांचं ग्रेडिंग तज्ज्ञांच्या जवळ सरकलं. तेव्हा तर निवडक चित्रंच होती, संपूर्ण स्लाइड नव्हती. तरीही फरक पडला.

नेवाशाचा विषय निघाला की ज्ञानेश्वरी आठवतेच. शके १२१२ मध्ये ती इथं सांगितली गेली. पुढच्या तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठभेद वाढत गेले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी पैठणला अनेक प्रती समोर ठेवून शुद्ध पाठ सिद्ध केला. एकाच प्रतीवर विसंबून हे काम झालं नसतं. ग्रेडिंगमध्येही प्रमाण असंच ठरतं: अनेकांची वाचनं शेजारी ठेवून, एकेक जागा तपासून. एखाद्या ज्येष्ठाचा शब्द अखेरचा मानून नव्हे.

संगणकाला हे शिकवायचं झालं तरी आधी माणसांचं एकमत लागतं. आयआयटी मुंबईचे अमित सेठी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सात अवयवांच्या तीस चित्रांमधली २१,६२३ केंद्रकं एकेक करून आखलेला संच सर्वांसाठी खुला केला. त्यावर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. २०२० मध्ये ४६ हजारांहून अधिक केंद्रकांचा, चार प्रकारच्या पेशींचा पुढचा संच आला. हे काम कष्टाचं आहे, आणि आज जगभरचे संशोधक ते वापरतात. प्रोस्टेटच्या दहा हजारांवर बायोप्सींची 'पांडा' ही स्पर्धा २०२० मध्ये झाली. तिच्यात ६५ देशांतले १,२९० जण उतरले. त्यातली सरस प्रणाली तज्ज्ञांच्या तोडीचं ग्रेडिंग करू शकली. पण एका कंपनीच्या स्कॅनरवर शिकलेली प्रणाली दुसऱ्या स्कॅनरच्या रंगछटेवर अडखळते, हेही अनुभवाला आलं आहे. नगरच्या प्रयोगशाळेतलं इओसिन आणि ॲमस्टरडॅमचं इओसिन सारखं दिसत नाही. आपल्या स्लाइडवर तपासल्याशिवाय अशी कुठलीही प्रणाली रुग्णाच्या निर्णयासाठी वापरू नये, ही या पुस्तकाची ठाम भूमिका आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत, त्यांचाही रोख असाच आहे.

अडचणी कमी नाहीत. स्कॅनर महाग आहेत. साठवण लागते, जोडणी लागते, वीज लागते. पडद्यावर फोकस वरखाली करता येत नसल्यानं विभाजन ओळखणं काही वेळा काचेपेक्षा अवघड जातं. म्हणूनच पडद्यावर निदान करू लागण्यापूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेनं किमान साठ केस काचेवर आणि पडद्यावर, मध्ये दोन आठवडे सोडून, स्वतः तपासून पाहाव्यात अशी 'कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स' या संघटनेची शिफारस आहे. शिकवण्यासाठी मात्र प्रत्येक तालुक्यात स्कॅनर लागत नाही. जिल्ह्यात एक पुरतो. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं निवडक स्लाइड स्कॅन झाल्या, तर नेवाशातल्या डॉक्टरला साध्या लॅपटॉपवर त्या पाहता येतील. 'क्यूपाथ'सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

हे आत्ताच का करायचं? भारतात २०२२ मध्ये कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण असल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. त्यात स्तनाचे एक लाख नव्वद हजारांवर, तोंडाचे एक लाख चाळीस हजारांवर. उपचार जिल्ह्यांपर्यंत पोचू लागले आहेत. २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये तीनशेहून अधिक केंद्रं सामील आहेत आणि सर्वत्र सारखे उपचार मिळावेत हा तिचा हेतू आहे. पण सारखे उपचार सारख्या निदानावरच उभे राहतात. परळ आणि नगर यांच्या ग्रेड २ मध्ये फरक असेल, तर उपचारांची नियमावली एक करून उपयोग काय?

पुस्तकाची मांडणी याच धाग्यानं केली आहे. ते पाठ्यपुस्तक नाही आणि यंत्रांची जाहिरातही नाही. पॅथॉलॉजी शिकणारे विद्यार्थी, तालुक्याच्या ठिकाणी एकट्यानं काम करणारे डॉक्टर आणि लॅबमधले तंत्रज्ञ हे त्याचे वाचक. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या सामान्य माणसालाही पहिला भाग समजावा, अशी भाषा ठेवली आहे. स्तन, प्रोस्टेट आणि तोंड या तीन अवयवांवर मुक्काम जास्त आहे. मेंदू, मूत्रपिंड आणि मऊ ऊतींच्या गाठी ओझरत्या आल्या आहेत. तोंडाच्या कॅन्सरपूर्व बदलांच्या ग्रेडिंगला दिलेली जागा काहींना जास्त वाटेल. महाराष्ट्रात हे पुस्तक निघतंय, म्हणून ती जास्त आहे. जिथं तज्ज्ञांतच एकमत नाही, तिथं दोन्ही मतं मांडून वाचकाला स्वतः निर्णय करायला लावलं आहे. सरावाच्या प्रत्येक उदाहरणात आधी आपला आकडा लिहून ठेवायचा आणि मगच पान उलटायचं. हा नियम वाचकानं पाळावा. उत्तर आधी पाहिलं की डोळा तेच पाहू लागतो.

या कामाला स्लाइड लागतात, आणि त्या प्रयोगशाळांच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून आहेत. रुग्णाचं नाव व नंबर काढून, संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन, त्या शिकवण्यासाठी द्याव्यात, ही पॅथॉलॉजिस्ट मंडळींना विनंती. दुसरी विनंती आणखी सोपी, बिनखर्चाची. पुस्तक मिटल्यावर आपल्या आयपीसवरचा आकडा वाचावा आणि तक्ता त्याच मापाचा आहे का ते पाहावं. आणि पुढच्या रिपोर्टवर नुसतं 'ग्रेड २' न लिहिता तिन्ही गुण वेगळे लिहावेत: नलिका ३, केंद्रकं २, विभाजन २, एकूण ७. दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच ब्लॉक गेला, तर मतभेद नेमका कुठल्या गुणावर आहे हे तिथल्या डॉक्टरला कळेल आणि त्याला फोन करून ते विचारता येईल.